आडात सोडलेली लड

अंबूबाईचा कुणावर विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, रॉकेलवाल्यावर नव्हता, आणि गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरवर तर मुळीच नव्हता, कारण पोट दुखो की डोकं, तो एकाच बाटलीतलं लालभडक औषध ओतून द्यायचा. "एवढं लाल कशानं झालंय?" असं तिनं त्याला तोंडावर विचारलं होतं. डॉक्टर हसला. हसणाऱ्या माणसावर तर तिचा आणखीच विश्वास नव्हता. तिनं लेकराला कडेवर घेतलं आणि घरी येऊन त्याला आल्याचा काढा पाजला.

रंग या गोष्टीशीच तिचं वाकडं होतं, आणि गंमत अशी की तिचं सगळं घर रंगावर चालत होतं. बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या गल्लीत तिचं घर. नवरा आण्णाप्पा साड्या विणायचा आणि साड्यांचं सूतही स्वतःच रंगवायचा. अंबूबाई दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिच्या बोटांच्या पेरांत रंग कायमचा बसला होता. लेकराला घास भरवायचा झाला की ती तो हात आधी राखेनं घासघासून घ्यायची, मग ताटाला लावायची.

चंद्रा आणि रवळू ही तिची दोन पोरं. गल्लीतली बाकीची पोरं रंगीत धागा दातानं तोडत, जत्रेत बर्फाचे रंगीत गोळे चोखत, रंगपंचमीला रंगाच्या भट्टीतल्या उरल्या पाण्यानं एकमेकांना भिजवत. अंबूबाईच्या पोरांच्या नशिबी यातलं काही नव्हतं. गल्लीची रीत अशी, की बाळाची पहिली कुंची आपल्या मागावरच्या रंगीत कापडाची असावी. अंबूबाईनं दोन्ही वेळेला कोऱ्या पांढऱ्या कापडाची शिवली. शेजारची सोनुबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "आक्का, बाळाला कुणी पांढरं घालतंय व्हय?"

"घालतंय की. पांढऱ्यावर घाण दिसती तरी."

तिच्या या संशयीपणावर गल्ली पोट धरून हसायची. पण तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. लेकरू आपल्या हातानं काही निवडत नाही. त्याच्या तोंडात काय जातं, अंगाला काय लागतं, हे आईबापानं ठरवायचं. आणि जग तर लेकराला फसवायला टपलेलंच आहे. असं मानणारी बाई सोबतीला जड जाते. आण्णाप्पाला ती जड जायचीच. पण पोरं तिच्या ताब्यात आणि भट्टी आपल्या ताब्यात, अशी त्यानं मनाशी वाटणी करून टाकली होती.

आता या गल्लीची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. या गल्लीत गटार म्हणजे वर्तमानपत्र. दसरा-दिवाळी जवळ आली की सकाळी उठून माणसं आधी गटारात बघत. वरच्या अंगानं हिरवं पाणी आलं की कळायचं, अमक्याच्या घरी हिरव्या साड्या चालल्यात. पिवळं आलं की तमक्यानं हळदीचा रंग काढला. दोन दिवसांत तोच रंग चार घरांत उकळायला लागायचा, आणि पहिल्यानं ज्यानं डोकं चालवलं तो हात चोळत बसायचा. त्यामुळे रंगाच्या बाबतीत सख्खा भाऊही भावाला दाराच्या आत घेत नसे.

आण्णाप्पाचा रंग तर साऱ्या गल्लीच्या डोळ्यांत सलत होता. धड जांभळा नाही, धड गुलाबी नाही. उन्हात धरलेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखा. तीन पुड्या मिसळून तो करायचा, आणि किती कुठली ते बायकोलाही सांगायचा नाही. बाजारातले व्यापारी त्याला 'आण्णाप्पा कलर' म्हणूनच ओळखत. असा रंग गटारात सोडायचा म्हणजे चोराला घरी बोलावून पाट मांडायचा. म्हणून आण्णाप्पानं युक्ती काढली होती. पॉवरलूम येण्याआधी माजघरात त्याच्या बापाचा हातमाग होता. विणकर त्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा, तसा तो कंबरभर खोल खड्डा. चंद्रा आठेक वर्षांची असताना हातमाग निघाला, तेव्हा इतरांनी आपापले खड्डे विटा-माती टाकून बुजवले. आण्णाप्पानं बुजवला नाही. बापाचे पाय त्यात होते, म्हणाला. खंडेनवमीला तो खड्ड्याच्या काठाला हळदकुंकू वाहायचा, आणि वर्षभर रंगाचं उरलेलं पाणी त्यातच ओतायचा. वर फळ्या टाकल्या की झालं. पाणी हळूहळू जिरून जायचं.

"बा कुणाचं गुपित भाईर सांगत न्हवता. त्येचा खड्डाबी सांगत न्हाय," असं आण्णाप्पा म्हणायचा.

ओतायच्या बादल्या अंबूबाई वाहायची.

त्या माजघराच्या मागच्या भिंतीपलीकडे परस, आणि परसात आड. हा आड अंबूबाईच्या आणि शेजारच्या तम्मण्णाच्या घराचा सामाईक. तम्मण्णा म्हणजे सोनुबाईचा नवरा, गडगडाटी हसणारा माणूस, म्हणजे अंबूबाईच्या लेखी आधीच अर्धा गुन्हेगार. ऐंशी सालानंतर त्यानंही परसाच्या आपल्या बाजूला पत्र्याची शेड ठोकून सूत रंगवायची भट्टी सुरू केली. अंबूबाईच्या मनात त्याच दिवशी पाल चुकचुकली.

ती रोज सकाळी आडाचं पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळायची आणि फडकं पिळून उन्हात धरून बघायची. पूर्वी त्यावर माती दिसायची, कधी शेवाळाचा तंतू. तम्मण्णाची भट्टी पेटल्यावर वर्षभरात तिला फडक्यावर कसलीतरी झाक दिसायला लागली. इतकी पुसट, की ती आण्णाप्पाला दाखवायला घेऊन जाईपर्यंत दिसेनाशी व्हायची.

"तुज्या डोळ्यात रंग गेलाय," आण्णाप्पा म्हणायचा.

"माज्या डोळ्यात न्हाय. त्या तम्मण्णानं आडात घातलाय."

मग तिला मागचंही सगळं आठवायला लागलं. रवळूच्या मांड्यांवर लहानपणी उठलेले चट्टे. उन्हाळ्यात आडाला पाणी कमी झालं की पोरांची बिघडणारी पोटं. ही दुखणी तम्मण्णाच्या भट्टीच्या कितीतरी आधीची होती, पण संशय एकदा घरात शिरला की तो तारखा विचारत बसत नाही. पोरांना आडाचं पाणी बंद झालं. नगरपालिकेचा नळ गल्लीच्या टोकाला, त्याला पाणी येईल तेव्हा येईल. अंबूबाई घागरी घेऊन तिथं उभी राहायची. घरच्या परसात भरलेला आड असताना ही बाई रांगेत का उभी, हे साऱ्यांना कळत होतं. सोनुबाईलाही कळत होतं. दोघींची बोलाचाल बंद झाली. तम्मण्णाचं चांगलं चाललेलं हिला बघवत नाही, असं गल्लीनं ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर त्यात थोडं तथ्यही होतं.

चंद्राचं लग्न निपाणीला झालं. चौऱ्याऐंशी साली ती पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. अंबूबाईच्या आनंदाला पारावार नव्हता, आणि धास्तीलाही. नातीच्या अंघोळीचं पाणी नळाचं, उकळलेलं. लंगोट कोऱ्या मांजरपाटाचे. मालिशवाली आली तर आधी तिचं तेल हुंगून बघायचं. चंद्रा हसायची, "आई, बाळाला दम तरी घिऊ दे." पण तीही निवांत असायची. आईच्या संशयाच्या पदराखाली ती लहानाची मोठी झाली होती, आणि आपल्यासारखं जपून कुणालाच वाढवलं नसेल, असं ती निपाणीत सासूला अभिमानानं सांगायची.

मग पाणी पुजायचा दिवस ठरला. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडते, आडाला हळदकुंकू वाहते, घुगऱ्यांचा नैवेद्य दाखवते, भरली घागर घेऊन आत येते. वडगावच्या या गल्लीत त्यापुढे आणखी एक रीत होती. त्या पाण्याचा थेंब बाळाच्या ओठाला लावायचा. ज्या आडावर घर जगलं त्याची ओळख लेकराला करून द्यायची.

"थेंब लावायचा न्हाय," अंबूबाईनं जाहीर केलं.

आण्णाप्पा पहिल्यांदा भडकला. "माज्या ओटाला लागला, माज्या बाच्या लागला, तुज्या पोरांच्याबी लागला. आता तुला इख दिसतंय व्हय त्यात?"

"दिसतंय. आनी कुनी घातलंय तेबी दावतो, बघा."

रंगाऱ्याच्या घरात संशय तपासायची रीतही रंगाऱ्याचीच असणार. तिनं कोऱ्या सुताची एक लड घेतली, खळ जाईपर्यंत धुतली, दगड बांधला आणि सोनुबाई बाजारात गेलेली बघून आडात सोडली. नुसत्या पाण्यात जे डोळ्याला दिसत नाही ते सूत हळूहळू अंगावर ओढून घेतं, हे तिला ठाऊक होतं. त्या हंगामात तम्मण्णाच्या भट्टीत पोपटी रंग चालला होता. गटार तसं ओरडून सांगत होतं. लड पोपटी निघाली की ती सगळ्या बायकांसमोर सोनुबाईच्या गळ्यातच अडकवायची, असं अंबूबाईनं ठरवलं होतं. त्या विचारानं तिला दोन दिवस जेवण गोड लागलं.

पूजेच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं लड ओढून काढली, पिळली, सावलीत वाळवली आणि उजेडात धरली.

लड पोपटी नव्हती. पुसट होती, पण रंग ओळखू येत होता. कांद्याचा पापुद्रा.

आता कुणालाही वाटेल की बाईला खरं काय ते तिथंच कळलं असेल. नाही. पन्नाशीला आलेली, रंगात जन्म गेलेली ही बाई लड घेऊन धावत मागावर गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, आपला रंग चोरला की त्येनं!"

आणि आण्णाप्पालाही ते तत्काळ पटलं! लड बघून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. माग चालू टाकून तो तसाच परसातून तम्मण्णाच्या शेडमध्ये घुसला. मागं अंबूबाई. आयुष्यात पहिल्यांदा दोघा नवराबायकोचा संशय एकाच माणसावर आला होता, आणि त्या घटकेला दोघं कधी नव्हे इतकी एकजुटीची होती.

शेडमध्ये तम्मण्णा सूत उकळत होता. भांड्यात पोपटी, दोरीवर पोपटी, त्याच्या कोपरापर्यंत पोपटी. आण्णाप्पानं पत्र्याचे डबे उघडले, पोती उचकटली, कोपरे बघितले. गल्लीच्या कायद्यानं हा केवढा मोठा अपमान होता! पण तम्मण्णानं अडवलं नाही. आण्णाप्पा दमून उभा राहिल्यावर त्यानं लड मागून घेतली आणि उलटसुलट करून बघितली.

"अण्णा, ह्यो रंग मला जमला आसता तर मी हिरव्यात हात कशाला घातला आसता?" तो म्हणाला. मग त्यानं हळूच विचारलं, "कुटं घावली ही?"

"आडात," अंबूबाई म्हणाली.

तम्मण्णा हसला नाही. त्याचं हसणं तिनं इतकी वर्षं सहन केलं होतं, आता ते न आलेलं तिला सोसेना. "माजं पानी तर गटारात जातंय, वैनी. समदी गल्ली बघती," तो म्हणाला. "तुमचं कुटं जातंय, ह्ये मातूर आजवर कुनाला कळलं न्हाय."

अंबूबाईनं शेडच्या दारातून बघितलं. समोर आड. आडापलीकडे हातभर अंतरावर आपल्या माजघराची मागची भिंत. भिंतीच्या पायथ्याला ओल होती. ती ओल वर्षानुवर्षं तिथंच होती. सारवताना तिनं ती कितीदा बघितली होती, आणि दूधवाल्याच्या मापावर, डॉक्टरच्या बाटलीवर, मालिशवालीच्या तेलावर संशय घेणाऱ्या तिला आपल्या भिंतीचा संशय कधी आला नव्हता.

तिला रवळूचे चट्टे आठवले. त्याच्या मांडीला लावायला तिनं आडाच्याच पाण्यानं चंदन उगाळलं होतं.

घरी येऊन तिनं खड्ड्यावरच्या फळ्या काढल्या. "बुजवा ह्यो."

"बाचा खड्डा हाय त्यो."

"तुमच्या बानं त्यात पाय सोडलं व्हतं. आपुन काय सोडलं?"

आण्णाप्पा पडेल आवाजात म्हणाला, "बरं, बुजवू. फुडं गटारात वतूया. चोरंनात मग रंग."

"गटार कुटं जातंय?"

"नाल्याला."

"आनी नाला?"

आण्णाप्पाला उत्तर ठाऊक होतं. नाला येळ्ळूरच्या शिवाराकडं जात होता. अंबूबाईचं माहेर येळ्ळूरचं. नाल्याकाठी तिच्या भावाचं भाताचं शेत होतं, आणि त्या भाताचा तांदूळ दर वर्षी बहिणीच्या घरी यायचा. याच तांदळाची पेज चंद्रा बाळंतपणात पीत होती. टाकायला जागाच उरली नव्हती. कुठंही ओता, ते फिरून पोरांच्या ताटात येत होतं.

"मग मी काय करू? रंग सोडू?" आण्णाप्पा म्हणाला. "अंबू, त्येच्याबिगर मला इचारतंय कोन गं?"

तिला त्याची कणव आली. पण तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सवाष्णी जमल्या. सोनुबाईला अंबूबाई स्वतः बोलवायला गेली, तेव्हा गल्लीच्या भुवया वर गेल्या. चंद्रा हिरव्या बांगड्या भरून, डोक्याला फडकं बांधून, बाळाला घेऊन आडाशी आली. हळदकुंकू वाहून झालं, घुगऱ्या ठेवून झाल्या. पाणी शेंदलं. रीतीप्रमाणं शेजारची सवाष्ण म्हणून सोनुबाईनं बोट बुडवलं आणि बाळाकडं नेलं.

अंबूबाईनं तिचा हात धरला.

सगळ्या जणी थबकल्या. आता भांडण होणार, म्हणून दोघीचौघी जरा पुढंही सरकल्या. अंबूबाईनं कमरेला खोचलेली लड काढली आणि रहाटाच्या खांबाला, सगळ्यांना दिसेल अशी, बांधली. ऊन तिच्यावर पडलं. त्या गल्लीत तो रंग कुणाचा हे सांगावं लागत नव्हतं.

"ही आडातनं निगाली," ती म्हणाली. "इतकी वर्सं मी तम्मण्णाभावजींस्नी बोल लावला, सोनुबाईचं तोंड बगितलं न्हाय. ह्यो रंग आमचा हाय. माजघरातल्या खड्ड्यात मीच वतलाय, माज्या ह्या हातानं. ह्या आडाचं पानी कुनाच्याबी लेकराला दिऊ नगासा."

सोनुबाईनं बोट पदराला पुसलं, पुन्हा पुसलं, आणि आपल्या घराच्या दारात उभ्या असलेल्या धाकट्या लेकीकडं बघितलं.

चंद्रा तेवढ्यात म्हणाली, "आई, खड्ड्यात कवापास्नं वततीयास?"

"हातमाग निगाला तवापास्नं."

"तवा मी आट वर्साची हुतो. नळाचं पानी तू परवापरवा चालू केलीस. मदी आमी काय प्यालो?"

चंद्रानं बाळाला छातीशी ओढून घेतलं आणि ती रिकामीच आत गेली. भरली घागर आडाच्या काठावर तशीच राहिली.

खड्डा आण्णाप्पानं बुजवला. बुजवण्याआधी तो एकदा आत उतरून, पाय सोडून, बाप बसायचा तसा बसला होता. पुढं त्यानं साड्या सोडल्या आणि कोऱ्या सुताचे पंचे विणायला घेतले. साडीवरून पंच्यावर आलेला विणकर म्हणून गल्ली त्याला हसली. व्यापाऱ्यांनी दारावर येणं सोडलं. तीन पुड्यांचं माप त्यानं तम्मण्णाला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही, पण त्यासाठी तो बायकोवर कधी खेकसलाही नाही. गल्लीतल्या बाकीच्या भट्ट्या चालूच राहिल्या. गटार रोज नवी बातमी देतच राहिलं. अंबूबाई नवऱ्याचे पांढरे पंचे घडी करताना मधेच थांबायची, तेव्हा तिला वाईट वाटत असे.

चंद्रा निपाणीला परत जायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. बाळाच्या दुधानंतर घोटभर कोमट पाणी द्यायचं म्हणून अंबूबाईनं नळाचं पाणी उकळलं, निववलं, गाळलं आणि वाटीत घालून चंद्रासमोर धरलं. पाणी पुजल्यापासून चंद्रा आईशी कामापुरतंच बोलत होती. तिनं वाटी घेतली, पण बाळाच्या तोंडाला लावली नाही. आधी हुंगली. मग डोक्याचं पांढरं फडकं सोडलं, दुसऱ्या वाटीवर धरलं आणि आईनं गाळलेलं पाणी आईच्या समोर पुन्हा गाळलं. फडकं पिळलं, दारात जाऊन डोळ्यांसमोर धरलं.

आजवर जगातल्या सगळ्यांना अंबूबाईनं असं दारात ताटकळत ठेवलं होतं, आज तिची पाळी होती. पण ती "काय गं, माज्यावरबी इस्वास न्हाय?" असं म्हणाली नाही.

"उजेडाकडनं बघ," ती म्हणाली. "सावलीत झाक दिसत न्हाय."

चंद्रा दोन पावलं पुढं सरकली आणि फडकं उजेडात धरून बघू लागली. अंबूबाई रडणाऱ्या नातीला मांडीवर घेऊन, लेकीचं बघून होईपर्यंत बसून राहिली.